एमव्हीपीच्या नावाखाली अर्धवट माल किती दिवस खपवायचा?

खटपट्या (धागाकर्ता)

स्टार्टअपची कल्पना तपासायची तर आधी एमव्हीपी काढा, म्हणजे कमीत कमी कामात उभं राहील असं पहिलं उत्पादन, हा सल्ला आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. परिणाम काय? लॉगिन आहे, प्रोफाइल आहे, डार्क मोडसुद्धा आहे, पण मूळ कामाच्या बटणावर बोट ठेवलं की ‘लवकरच येत आहे’. याला म्हणे एमव्हीपी!

एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर कमीत कमी खर्चात मिळवायचं, एवढंच एमव्हीपीचं काम. प्रश्नच ठरलेला नसेल तर तुम्ही नुसतंच छोटं अ‍ॅप बनवलंय.

१९९९ साली निक स्विनमर्नला एकच गोष्ट बघायची होती: पायात घालून न बघता लोक इंटरनेटवरून बूट घेतील का? त्याने माल भरून ठेवला नाही. दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले, साइटवर टाकले, आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून तो जोड विकत घेऊन पाठवून दिला. त्यात कमाई काय होणार, पण उत्तर मिळालं. तीच पुढे झॅपोज झाली आणि २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने घेतली.

तुमच्या एमव्हीपीमागचा प्रश्न एका ओळीत सांगता येतो का? मला तरी फारसे लोक भेटलेले नाहीत ज्यांना येतो.

धोपटमार्गी

असहमत. जिंकलेल्यांच्या गोष्टी ऐकायला छान वाटतात. १९९९ साली ऑनलाइन बूट ही नवलाई होती, लोकांनी साइट कशी दिसते ते चालवून घेतलं. आज प्रत्येकाच्या फोनमध्ये घोटून गुळगुळीत केलेली अ‍ॅप्स आहेत. तुमचं ओबडधोबड काहीतरी तो उघडणार, दोनदा अडकलं की काढून टाकणार. आणि तुम्ही वहीत लिहिणार, ‘मागणी नाही’. अहो, मागणी होती, माल भिकार होता! अशा खोट्या नकारांनी किती चांगल्या कल्पना मेल्या त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही, कारण त्यांच्या गोष्टी सांगायला कोणी उरत नाही.

पहिल्या आयफोनमध्ये २००७ साली कॉपी-पेस्ट नव्हतं, ते २००९ मध्ये आलं. अ‍ॅप स्टोअरही २००८ मध्ये आलं. पण जे दिलं होतं ते बोटाखाली लोण्यासारखं सरकत होतं. कमी द्या, कच्चं देऊ नका.

खटपट्या

‘कमी द्या, कच्चं देऊ नका’ याला माझी हरकत कुठे आहे? फक्त आयफोन बनवायला अ‍ॅपल लागते. आपल्यासारख्यांनी ते उदाहरण घेऊ नये.

उंटावरचा_शहाणा

@धोपटमार्गी, गुळगुळीतपणाचंच म्हणत असाल तर क्विबी बघा. पावणेदोन अब्ज डॉलर उभे केले, मोठमोठे कलाकार घेतले, एप्रिल २०२० मध्ये थाटात सुरू केलं. फोनवर बघायचे छोटे व्हिडिओ, पैसे भरून. त्याच वर्षी डिसेंबरपर्यंत गाशा गुंडाळला. लोक यासाठी पैसे देतील का, हे कळायला एवढे पैसे लागतात?

धोपटमार्गी

जाता-येता बघायचे व्हिडिओ, आणि सगळं जग घरात कोंडलेलं. त्यावरून एमव्हीपी बरोबर होतं असं कसं ठरतं?

उंटावरचा_शहाणा

घरात कोंडलेल्या माणसाला ते टीव्हीवर लावायची सोयही सुरुवातीला नव्हती. बाकी चालू द्या.

ताळेबंद

तुम्ही दोघं भांडताय ते माल किती पक्का असावा यावर. माझी तक्रार वेगळी आहे. पुरावा कशाला म्हणायचं?

ड्रॉपबॉक्स, म्हणजे इंटरनेटवर फायली ठेवायची सोय. माल सगळ्यांसाठी खुला होण्याआधी तो कसा चालेल हे दाखवणारा त्यांचा २००८ चा व्हिडिओ सगळे सांगतात: एका रात्रीत प्रतीक्षायादी ५,००० वरून ७५,००० वर. मान्य. पण ई-मेल टाकायला खिशात हात घालावा लागत नाही. सोशल मीडियावरच्या पोस्ट आधीच ठरवून ठेवायच्या बफर या सेवेच्या जोएल गॅस्कॉइनने २०१० मध्ये जे केलं ते मला जास्त पटतं. आधी दोनच पानं: एकावर कल्पना, दुसऱ्यावर ‘अजून तयार नाही, ई-मेल द्या’. मग त्याने मध्ये तिसरं पान घुसवलं, दरपत्रकाचं. कोण फुकटवर बोट ठेवतो, कोण पैशाच्या योजनेवर, ते बघितलं. तेही नुसतं क्लिकच, पण निदान किंमत बघून केलेलं.

आणि कोणी ‘मस्त कल्पना आहे’ म्हणालं की हुरळू नका. त्याला विचारा, आज हे काम कसं भागवता? जो एक्सेलच्या चार शीट, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि वर एक वही सांभाळून कसंबसं भागवतोय, तो तुमचा गिऱ्हाईक. ज्याने काहीच केलेलं नाही, त्याला दुखतच नाहीये.

कोडकरी

@ताळेबंद ताईंशी सहमत, पण नसलेल्या वस्तूचं दरपत्रक दाखवणं म्हणजे चक्क थाप आहे. एकदा चालेल, दुसऱ्यांदा विश्वास जातो. आणि काही क्षेत्रांत हा खेळ नकोच. थेरानोस या अमेरिकी कंपनीने तंत्र पक्कं नसतानाच रक्ततपासणीत ‘होईल हळूहळू’ केलं. रुग्णांना दिलेले अहवाल शेवटी कंपनीलाच रद्द करावे लागले, आणि २०२२ मध्ये तिच्या संस्थापक एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीत दोषी ठरल्या.

शिवाय आमच्यासारख्यांचं दुखणं कोणी बोलत नाही. ‘तात्पुरतं आहे, कसंही लिही’ म्हणून लिहिलेला कोड कायमचा मुक्कामाला येतो. फेकायचाच असेल तर कोड लिहूच नका, पडद्यामागे हातानं कामं करा.

खटपट्या

@ताळेबंद, दरपत्रक मान्य. @कोडकरी, थेरानोस हे एमव्हीपीचं उदाहरण नाही, तो खोटारडेपणा होता. हातानं कामं करण्याबद्दल मात्र शंभर टक्के सहमत.

यात एकच जोडतो: सुरू करण्याआधीच लिहून ठेवा की अमुक तारखेपर्यंत अमुक लोकांनी पैसे दिले नाहीत तर दुकान बंद.

धोपटमार्गी

आणि आकडा गाठला नाही की तुम्ही आकडाच बदलणार. बघितलेत असे.

ताळेबंद

म्हणून तो आकडा स्वतःकडे ठेवायचा नाही, भागीदाराच्या हातात द्यायचा.

धोपटमार्गी

भागीदारही तेवढाच आशावादी निघाला तर?