'वॉनचान्सी'ले आपल्याइकडं काय म्हणतात?

सोयाबीनवाला_दारव्हा
मंडळी, एक विचारायचं होतं. स्कॉटलंडची जुनी बोली हाय ना स्कॉट्स, तिच्यात वॉनचान्सी असा एक शब्द सापडला, म्हणजे अपशकुनी, ज्याच्या नादी लागलं का घात झालाच समजा. रॉबर्ट बर्न्स म्हणून त्यांचा शेतकरी कवी होता, त्याची मेंढी दाव्यात गुतून नालीत पडली, तिच्यावर त्यानं कविता लिवली, 1786 च्या पहिल्या पुस्तकात हाय, अन् त्यात तो वॉनचान्सी कोणाले म्हणते त दाव्याले!

आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात सेम हेच झालं. शेळी खुट्याले बांधली होती, नायलॉनचं दावं, रातभर पाणी, तिनं गोल फिरून फिरून सारं दावं खुट्याले गुंडाळलं अन् सकाळी पायतो त मान आवळलेली, डोये उघडेच. शेजारच्या म्हातारीनं लगेच वहिनीकडं बोट दाखवलं, पांढऱ्या पायाची हाय म्हणे, आल्यापासून असंच सुरू हाय. वहिनी दोन दिवस जेवली नाही. पनवती, करंटी, अवदसा, आपले सारे शब्द माणसालेच काऊन चिकटतात? वस्तूले लागू पडंल असा हाय का एखादा?

रिटायर्ड_मास्तर
शब्दाची फोड बघा. वॉन म्हणजे कमी, आपलं 'उणं' आणि संस्कृतातलं 'ऊन' त्याच मुळातले. आणि चान्स हा लॅटिनमधल्या 'पडणे' या धातूवरून आला, फासे पडतात तसं. म्हणजे सरळ मराठीत उणं दान पडलं. अवदसा हाच शब्द बांधणीनं सगळ्यात जवळचा, अव अधिक दशा. पण एक सांगतो, स्कॉट्समध्येही वॉनचान्सी माणसालाही म्हणतात, तिकडच्या म्हाताऱ्या काही वेगळ्या नाहीत.

पोट्टा_वर्धेचा
इडापीडा म्हणा ना भौ, ते कोणाचं नाव नाही घेत. पोळ्याले दारात पयसाचे मेढे, म्हणजे पळसाच्या फांद्या, ठेवतो अन् दुसऱ्या दिवशी पहाटे 'घेऊन जा गे मारबत' करत शिवेवर नेऊन टाकतो, त्यात कोणाची सून नसते. नागपूरची काळी मारबत, म्हणजे इडापीडेचा पुतळा, त 1881 पासून निघून रायली.

बकरीपालन_अनुभवी
मास्तर, मेंढीचं नाव काय होतं माहीत हाय का? मेली! अन् गंमत म्हणजे मेली मेलीच नव्हती, कवीच्या भावानं सांगून ठेवलं हाय का तिले नालीतून काढलं अन् ती धडधाकट होती, यानं उगाच मरणाची कविता करून टाकली 😂 तिकडचे मासेमार दर्यावर सालमन माशाचं नावच नाही घेत, चुकून कोणी घेतलं त लोखंडाले हात लावतात. आपण नाही का रातच्याले सापाले जनावर म्हणत.

बाकी भाऊ, राग नोका मानू, पण नायलॉन अन् आखूड खुटा, हे कोणाच्या पायानं नाही झालं. दाव्याले भवरकडी लावा, शेळी कितीबी फिरली तरी पीळ बसत नाही. अन् अंबाडीचं दावं भेटत असन त तेच घ्या.

सोयाबीनवाला_दारव्हा
भवरकडी कालच आणली, दोन. जुनं दावं अजून खुट्यालेच हाय, वहिनी कोणाले हात लावू देत नाही. पोळ्याच्या करीले मेढ्यासंगं तेच शिवेवर नेतो, म्हातारीच्या दारावरून.