थिंकपॅड टी४८०: व्हर्च्युअल मशीन आणि अँड्रॉइड स्टुडिओसाठी आधी काय बदलावं?

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. थिंकपॅड टी४८० आहे, आय५-८३५०यू, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, २५६ जीबीची २.५ इंची साटा एसएसडी, विंडोज ११. काम असं: दोन लिनक्स व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालणारे आभासी संगणक), डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवण्याची सोय) डेटाबेस, अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा एम्युलेटर (पडद्यावरचा आभासी फोन). हे सगळं एकत्र सुरू केलं की माउससुद्धा अडकतो. लांबलचक बिल्डमध्ये पंखा गरगरतो आणि वेग पडतो.

प्रश्न असे:
१) रॅम १६ करू, ३२ की ६४? आहे ती पट्टी ठेवून दुसरी घालता येईल का?
२) एनव्हीएमई एसएसडी (साटाहून वेगवान जोडणीची) बसते का, आणि फरक जाणवेल का?
३) थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे पोचवणारा लेप) बदलून काही हाती लागतं का?

नवीन लॅपटॉप घ्या, हा सल्ला कृपया नको.

पेचकस

प्रोसेसर मदरबोर्डवर सोल्डर केलेला आहे, त्यामुळे ४ कोर आणि ८ थ्रेड यांतच भागवायचं. बाकी यंत्र मोकळ्या स्वभावाचं आहे.

रॅम सगळ्यात आधी. ८ जीबीत तुमची यादी मावतच नाही. दोन मशीनना प्रत्येकी ४-६ जीबी, स्टुडिओ आणि ग्रेडल (त्याचं बिल्ड करणारं साधन) मिळून ५-६, एम्युलेटर २-३, वर विंडोज आणि ब्राउझर. वरच्या आकड्यांनी बेरीज २५च्या पुढे जाते. १६ घेतलेत तर परत याच धाग्यावर याल. ३२ घ्या, १६-१६च्या दोन पट्ट्या. कंपनीच्या कागदावर कमाल ३२च आहे, पण ३२-३२च्या दोन लावून ६४ जीबीही चालतात. मात्र दोनच मशीन असतील तर ६४ची गरज नाही.

पट्टी डीडीआर४ सोडिमच (लॅपटॉपची आखूड पट्टी) हवी, १.२ व्होल्टची. हा प्रोसेसर रॅमच्या २४०० वेगाच्या वर जात नाही. ३२००ची पट्टी लावलीत तरी ती २४००वर चालेल, नुकसान काही नाही. दुकानात सहज मिळेल ती घ्या.

जुनी ८ ठेवून १६ घातली तर २४ जीबी होतात आणि चालतात. त्यातले दोन्हीकडचे ८-८ जोडीने, म्हणजे ड्युअल चॅनलमध्ये चालतात, उरलेले ८ एकेरी. एकेरी चॅनलला सैद्धांतिक मर्यादा १९.२ जीबी प्रति सेकंद, जोडीला ३८.४. ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच असल्याने तेही हीच रॅम वापरतं, म्हणून एम्युलेटरचा पडदा सरकतानाही फरक दिसतो.

आता उघडण्याबद्दल, कारण बहुतेक घोळ इथेच होतात. या मॉडेलला दोन बॅटऱ्या असतात. बाहेरची काढली तरी आतली चालू राहते आणि बोर्डवर वीज असते. चार्जर काढा, सुरू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) जा, कॉन्फिग, मग पॉवर, मग डिसेबल बिल्ट-इन बॅटरी. यंत्र आपोआप बंद होईल. मग बाहेरची बॅटरी काढा आणि तळाचे स्क्रू सैल करा. ते झाकणातच अडकून राहतात, पूर्ण निघत नाहीत, तेव्हा ओढत बसू नका. झाकण कडांना खटक्यांनी धरलेलं असतं. प्लास्टिकचं जुनं कार्ड फिरवून सोडवा. लोखंडी पट्टी घातली की खटके तुटतात.

पट्टी तिरकी घालून सोनेरी कडा जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत ढकला, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टकटक वाजून बसल्या पाहिजेत. एकच वाजली तर पट्टी अर्धवट बसली आहे.

झाकण लावल्यावर बटण दाबाल तर काहीच होणार नाही. घाबरू नका, बॅटरी तुम्हीच बंद केली आहे. चार्जर जोडला की ती परत सुरू होते. पहिल्यांदा पडदा बराच वेळ काळा राहतो, कारण रॅमची जुळणी तपासली जात असते. त्या वेळात बटण दाबून धरू नका.

एनव्हीएमईवाला

वरच्या प्रतिसादाला +१. मी फक्त डिस्कबद्दल लिहितो.

बसते, पण नुसती एसएसडी आणून भागत नाही. तुमच्या यंत्रात २.५ इंची डिस्कची केबल असणार. एम.२ साठी (एनव्हीएमई डिस्कचा छोट्या पट्टीसारखा आकार) त्याच जागेत बसणारा वेगळा ट्रे आणि त्याची वेगळी केबल लागते. दोन्ही याच मॉडेलचे मागून घ्या. लांबी २२८०, म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब.

त्या ट्रेला पीसीआयई ३.०च्या दोनच लेन (डेटा जाण्याच्या वाटा) मिळतात. सैद्धांतिक मर्यादा साधारण २ जीबी प्रति सेकंद, प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणून खोक्यावर ७००० एमबी प्रति सेकंद लिहिलेली चौथ्या पिढीची डिस्क इथे म्हणजे बैलगाडीला विमानाचं इंजिन. त्या पैशात क्षमता वाढवा: १ टीबी घ्या आणि १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा. क्यूएलसी प्रकारची (एका पेशीत चार बिट साठवणारी) टाळा. त्यांचा वेगवान कॅश भरला की लिहिण्याचा वेग साध्या साटा डिस्कच्याही खाली जातो, आणि व्हर्च्युअल मशीनची इमेज हलवताना तो हमखास भरतो. टीएलसी (एका पेशीत तीन बिट) घ्या.

मोबाइल नेटवर्कच्या कार्डाची जागा रिकामी असेल तर तिथे २२४२ लांबीची दुसरी एनव्हीएमई बसते. खाच बी+एम प्रकारची, म्हणजे दोन काप असलेली हवी. नुसत्या एम खाचेची तिथे शिरतच नाही.

जुन्या डिस्कचा क्लोन करणार असाल तर दोन गोष्टी. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) सुरू आहे का ते बघा, रिकव्हरी की दुसऱ्या ठिकाणी लिहून ठेवा आणि आधी बिटलॉकर सस्पेंड करा. दुसरं, साटावरून एनव्हीएमईवर नेलेलं विंडोज कधीकधी निळा पडदा दाखवून बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणतं. सेफ मोडमध्ये एकदा सुरू केलं की योग्य ड्रायव्हर लागतो आणि पुढच्या वेळी नीट उठतं. मला विचाराल तर नव्याने इन्स्टॉल करणं जास्त बरं.

फरक जाणवेल का? रॅम वाढवल्यानंतर, बिल्डमध्ये थोडाच. आज जी डिस्क हळू वाटते ती पेजफाइलमुळे, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर विंडोज डिस्कवर जी जागा वापरतं तिच्यामुळे. रॅम पुरली की तो भार बराच उतरेल. डिस्क बदलायची ती मुख्यतः जागेसाठी.

तापमापक

पेस्टबद्दल सरसकट "हो बदला" म्हणणाऱ्यांशी असहमत. आधी मोजा. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारा प्रोग्रॅम) सुरू करून बिल्ड लावा आणि वेग पडेल तेव्हाचं तापमान बघा.

काही सेकंदांतच ९७-१०० अंश गाठत असेल तर पेस्ट वाळली आहे किंवा पंख्याच्या तोंडाशी धुळीचा नमदा झाला आहे. उघडा. पण ७५-८० अंशांवरच वेग पडत असेल तर ती वीज-मर्यादा आहे. हा १५ वॉटचा प्रोसेसर आहे, मूळ वेग १.७ गिगाहर्ट्झ. ३.६ हा आकडा थोड्या वेळापुरता. तिथे पेस्ट बदलून काही होणार नाही. त्याऐवजी विंडोजचा पॉवर मोड सर्वोत्तम कामगिरीवर ठेवा. चार्जर ४५ वॉटचा असेल तर ६५चा घ्या: टाइप-सी, २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर.

पेस्ट लावायची झाली तर हीटसिंकच्या स्क्रूंजवळ आकडे कोरलेले असतात. बसवताना त्याच क्रमाने, सोडताना उलट्या. एकदम पूर्ण आवळू नका, सगळे थोडेथोडे. उघड्या डायचा (प्रोसेसरच्या सिलिकॉन तुकड्याचा) कोपरा टवका उडण्याइतका नाजूक असतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पातळ, लगेच पसरणारी पेस्ट अशा उघड्या डायवर काही महिन्यांत कडेला सरकते. घट्ट घ्या, किंवा पेस्टऐवजी पीटीएम७९५० पॅड. पंख्याची पिन परत लावायला विसरलात तर सुरू होतानाच फॅन एरर येऊन यंत्र बंद पडतं.

तापमान उतरवायला प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करण्याचा मार्ग बरेच जण सुचवतील. तुमच्या कामाला तो जवळजवळ बंद आहे. डॉकर डब्ल्यूएसएल२ वर (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) चालत असेल तर खाली हायपर-व्ही (विंडोजचा व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर) असतो, आणि तो सुरू असताना थ्रॉटलस्टॉप या प्रोग्रॅममध्ये ठरवलेलं व्होल्टेज लागू होत नाही. शिवाय २०१९ साली प्लंडरव्होल्ट ही इंटेल प्रोसेसरमधली सुरक्षा-त्रुटी जाहीर झाल्यावर आलेल्या काही बायोस अपडेटनी ती सोय मुळातच कुलूपबंद केली.

धागाकर्ता

सर्वांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. मोजलं: बिल्ड सुरू होताच ९८ अंश. टास्क मॅनेजरमध्ये कमिटेड (प्रोग्रॅमना देऊ केलेली एकूण मेमरी) २३ जीबी. चार्जर ६५चाच आहे. म्हणजे रॅम आणि पेस्ट, डिस्क नंतर. एक शंका: ८ ठेवून ३२ची एकच पट्टी घातली तर? पुढे ६४ला वाट मोकळी राहील.

पेचकस

चालेल. ४० जीबी होतील, त्यातले १६ जोडीने आणि २४ एकेरी. पुढे नक्की दुसरी ३२ घेणार असाल तरच करा, नाहीतर १६-१६ची जोडी सरस.

पेस्ट आणि रॅम एकामागोमाग उरका, पण झाकण दोनदा उघडावं लागेल आणि दोन्ही वेळा आतली बॅटरी बंद करावी लागेल. फक्त क्रम असा: आधी रॅम घालून मेमटेस्ट८६च्या (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चार फेऱ्या, मग पेस्ट. दोन्ही एकदम केलं आणि यंत्र उठलं नाही तर दोष कुणाचा ते शोधत बसावं लागतं. मेमटेस्टमध्ये एक जरी चूक आली तरी पट्टी परत करा. व्हर्च्युअल मशीनची डिस्क इमेज अशाच एकदोन चुकीच्या बिटांनी खराब होते आणि तेव्हा संशय एसएसडीवर जातो.

आणि बायोसमध्ये आहातच तर सिक्युरिटीमधल्या व्हर्च्युअलायझेशनखालचे दोन्ही पर्याय सुरू आहेत ना बघा.

एनव्हीएमईवाला

डब्ल्यूएसएल२ मुळात निम्म्यापर्यंत रॅम घेऊ शकतं. ३२ केल्यावर एकटा डॉकर १६पर्यंत पसरेल आणि रॅम वाढवूनही फरक नाही असं वाटेल. तुमच्या युजर फोल्डरमध्ये डॉट-डब्ल्यूएसएलकॉन्फिग नावाची फाइल बनवून तिच्यात मेमरी ६ किंवा ८ जीबीला बांधा, मग डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून परत सुरू करा. नुसता डॉकर रीस्टार्ट करून ते लागू होत नाही.

तापमापक

टाइप-सी पोर्टवरून चार्ज करताय, तर थंडरबोल्टचं (त्या पोर्टमागच्या वेगवान जोडणीचं) फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, ताजं आहे का ते आजच बघा. या मॉडेलच्या जुन्या फर्मवेअरमुळे तो कंट्रोलर कालांतराने बिघडतो आणि पोर्टवरचं चार्जिंग किंवा बाह्य पडदा बंद पडू शकतो. अपडेट कंपनीच्या सपोर्ट पानावर फुकट आहे. बॅटरी पुरेशी भरलेली आणि चार्जर जोडलेला असताना करा, मधे तोडू नका. झाकण उघडण्याच्या आधी.