मदत हवी आहे: मिरची घातलेली काजूफेणी जहाल झाली, शनिवारपर्यंत कशी सावरू?

तिरफळ:
नमस्कार. मी फोंड्याला राहते. शनिवारी नवऱ्याची पन्नाशी आहे, घरचीच बारा माणसं येणार. त्याला तिखट कॉकटेल फार आवडतं, म्हणून वाळपईकडच्या एका भट्टीवरची काजूफेणी मुद्दाम आणून ठेवली होती, ७५० मिली. त्यात दहा लवंगी मिरच्या उभ्या चिरून घातल्या आणि बरणी पाच दिवस कपाटात ठेवली. लोणच्यात मुरते तशी मिरची हळूहळू मुरेल, असं धरून चालले.

काल चमचाभर चाखली तर घशापासून कानापर्यंत जाळ. शिवाय देठासारखा कच्चट कडवटपणा. कोकमाचं आगळ, साखरेचा पाक, सोडा घालून पाहिला. पहिला घोट आंबटगोड लागतो, मागून ठसका येतोच. ज्या वासासाठी फेणी आणली तो काजूबोंडांचा वास तर हरवलाच आहे. हंगाम संपलाय, ही फेणी आता पुढच्या मार्चपर्यंत मिळायची नाही. ओतून टाकायला जीव होत नाही.

काही करून तिखटपणा कमी होईल का? आणि पुढच्या वेळी मिरची किती वेळ ठेवायची? आलं, मिरी, दालचिनी एकत्र घातली तर चालेल?

अनंतमूळ:
ताई, आधी मिरच्या काढा. उत्तर नंतर वाचा.

लोणच्यात मिठाला आणि तेलाला वेळ लागतो, दारूचं तसं नाही. मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, दारूत मात्र झटकन उतरतं, आणि फेणी तर चाळीस टक्क्यांच्या वरची. म्हणून सोड्याने तिखट जात नाही, नुसतं पसरतं. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधतज्ज्ञाने १९१२ साली मिरचीचा तिखटपणा मोजला तो असाच. मिरची दारूत भिजवून अर्क काढायचा आणि तिखट लागेनासं होईपर्यंत त्यात साखरपाणी वाढवत जायचं. तुमच्या बरणीत तो अर्कच तयार झालाय. त्याला अर्कासारखंच वापरा. ६० मिली साध्या फेणीत एक चमचा घालून चाखा, मग थोडं थोडं वाढवा. काजूचा वास साध्या फेणीतून येईल.

दुसरा उपाय दुधाचा. २०० मिली तिखट फेणीत ३० मिली लिंबाचा रस घाला आणि ते मिश्रण १०० मिली सायीच्या दुधात हळूहळू ओता. दुधात फेणी, उलटं नाही. दूध फाटलं की अर्धा तास थांबून दाट फडक्यातून दोनदा गाळा. दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून चोथ्याबरोबर बाहेर काढतं. पण फेणीचा वासही मवाळ होतो, म्हणून सगळी बाटली यात घालू नका. दूध न चालणारं कुणी असेल तर आधी सांगून ठेवा.

पुढच्या वेळी २५० मिलीला दोन मिरच्या पुरे. बियांपेक्षा आतल्या पांढऱ्या शिरा जास्त तिखट, त्या खरवडून टाका. दर वीस मिनिटांनी चाखायचं आणि हवं तेवढं झालं की लगेच गाळायचं. कच्चट वास नको असेल तर मिरची आधी विस्तवावर भाजून घ्या. आल्याच्या चकत्या, ठेचलेली मिरी दिवसभर ठेवता येतात, दालचिनी काही तासांतच तुरट होते. प्रत्येकाची बाटली वेगळी ठेवा आणि पेल्यातच मिसळा. गोव्यात दुखशिरी पिढ्यान्‌पिढ्या करतात, फेणीत अनंतमुळाची मुळं घालून. तिथे मूळ मुरू देतात, कारण ते जाळत नाही.

पाटावरवंटा:
हुर्राकात, म्हणजे काजूच्या रसाच्या पहिल्या गाळपाच्या सौम्य दारूत, आम्ही मिरची बाटलीत घालतच नाही. पेल्यात लिंबू, मीठ, लिम्का आणि एक चिरलेली हिरवी मिरची. झेपेल तेवढं झालं की मिरची काढून टाकायची. बारा माणसांत ज्याला जितकं हवं तितकं तिखट मिळतं. शनिवारी निदान तिखट न खाणाऱ्यांसाठी असंच करा.

आणि लवकर उतरावी म्हणून बरणी गॅसवर गरम करायला जाऊ नका, वाफ पेट घेते. मिरचीचे हात आधी तेलाने चोळून मग साबणाने धुवा. बाटलीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा, कुणी पाणी समजून घोट घेऊ नये.

तिरफळ:
दोघांचे मनापासून आभार. रात्रीच गाळली, ६८० मिली उरली. एक चमचा अर्क, ६० मिली साधी फेणी, अर्धा चमचा आगळ, १५ मिली पाक, वर सोडा. ओठांवर हलकी झिणझिण आणि मागून काजूचा वास, दोन्ही आलं! नवऱ्याला दाखवलं नाही अजून. दुधाचा प्रयोग उद्या २०० मिलीवर करते.

एक राहिलंच. गाळलेल्या मिरच्या टाकवत नाहीत. मीठ-व्हिनेगरात घालून शनिवारी पेल्याच्या कडेला लावल्या तर चालतील का, की त्यांतलं सगळं तिखट फेणीतच गेलं असेल?