चाहत्यांसाठीचा आदल्या रात्रीचा खेळ : सांगलीहून जावे का?

कृष्णाकाठ : एका नव्या चित्रपटाचा चाहत्यांसाठीचा खेळ प्रदर्शनाच्या आदल्या रात्री कोल्हापुरात आहे. निमंत्रणावर आसन क्रमांक नाही आणि मोबाईल बाहेर जमा करावा लागेल, असे लिहिले आहे. बारा वर्षांच्या मुलाला नेता येईल का?

मिरजकर : आसन क्रमांक नसेल, तर जो आधी येईल त्याला जागा. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून अशा खेळांची निमंत्रणे बहुधा जास्तच वाटलेली असतात, त्यामुळे तासभर आधी रांगेत उभे राहावे. परतीच्या एसटीच्या भरवशावर राहू नये. जयसिंगपूर-हातकणंगले मार्गे स्वतःची गाडी बरी.

विश्रामबाग : मुलाचे उत्तर चित्रपटाच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर अवलंबून आहे. 'ए' (फक्त प्रौढांसाठी) असेल तर प्रवेश नाही. 'यूए १३+' (तेरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे मार्गदर्शन हवे) असेल तर निर्णय पालकांचा. मोबाईलच्या अटीचा राग मानू नये, कारण सिनेमॅटोग्राफ (चित्रपट) कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनंतर पडद्यावरील चित्रपटाचे चोरून चित्रीकरण केल्यास किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड होऊ शकतो.

मिरजकर : आणि शिट्ट्यांत निम्मे संवाद बुडतात, हेही मुलाला आधीच सांगावे.