प्रशिक्षक विधानसभेला उभे राहतात तेव्हा खेळाडूंच्या पालकांनी काय पाहावे?

प्रश्न : मैदानाबाहेरची आई

माझी सोळा वर्षांची मुलगी गेली पाच वर्षे ज्या मंडळात कबड्डी खेळते, तेथील मुख्य प्रशिक्षक आमच्या भागातून दोनदा निवडून आलेले नगरसेवकही आहेत, आणि आता एका पक्षाने त्यांना विधानसभेची उमेदवारी जाहीर केली आहे. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पहाटे मैदानावर पाणी मारण्यापासून ते सामना हरल्यावर मुलींची समजूत घालण्यापर्यंत सर्व काही ते स्वतः करत आले आहेत, आणि मुलींना बाहेरगावच्या स्पर्धांना पाठवण्याची आम्हा पालकांची भीती त्यांच्यामुळेच गेली.

मात्र गेल्या आठवड्यात सर्व खेळाडूंनी मंडळाच्या जर्सीत चौकात जमावे, असा निरोप सरावाच्या गटावर आला आणि तेथे पोहोचल्यावर ती प्रचारफेरी असल्याचे कळले. सक्ती कोणी केली नाही. परंतु पुढच्या महिन्यात जिल्हा संघाची निवड चाचणी आहे, आणि "पुढच्या फेरीला गेले नाही तर सर माझे नाव पाठवतील ना?" असे मुलीने विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नाही. प्रशिक्षकपद सांभाळून निवडणूक लढवणे नियमात बसते का, मुलांना अशा फेरीत नेता येते का, आणि मत देताना त्यांचे मैदानावरील काम किती जमेस धरावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : मतदान केंद्राध्यक्ष (निवृत्त)

उमेदवारीचा मुद्दा बहुधा सरळ आहे. पंचवीस वर्षे पूर्ण झालेली आणि राज्यातील कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असलेली व्यक्ती उभी राहू शकते, आणि नगरसेवकपद त्याच्या आड येत नाही. नगरसेवक व आमदार ही दोन्ही पदे एकाच वेळी सांभाळलेली माणसे मुंबईतच झाली आहेत.

प्रशिक्षकपदाबाबत मात्र नेमणूक कोणाची, हे पाहावे लागते. ते शासनाच्या क्रीडा विभागात नोकरीला असतील, तर 1979 च्या महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियमांनुसार त्यांना राजकारणात भाग घेता येत नाही आणि आधी नोकरी सोडावी लागेल. खासगी मंडळाने नेमलेल्या प्रशिक्षकाला ही अडचण नाही. मधला प्रकार सर्वांत नाजूक असतो, तो म्हणजे शासकीय समितीवरचे किंवा शासनाच्या एखाद्या प्रशिक्षण केंद्रातील मानद पद. संविधानाच्या अनुच्छेद 191 प्रमाणे शासनाखालील लाभाचे पद धारण करणारा अपात्र ठरतो, अर्थात विधिमंडळाने कायद्याने सूट दिलेली पदे वगळून. येथे "मी मानधन घेतच नाही" हे उत्तर पुरत नाही, कारण जया बच्चन यांच्या प्रकरणात 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पैसे प्रत्यक्ष घेतले की नाही यापेक्षा त्या पदातून आर्थिक लाभ मिळू शकतो का, हे महत्त्वाचे. पात्रता अर्जांच्या छाननीच्या दिवशी तपासली जाते, त्यामुळे राजीनामा द्यायचाच असेल तर तो त्याआधी मंजूर झालेला बरा.

मुलांच्या बाबतीत संदिग्धता नाही. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी 2024 मध्ये सर्व पक्षांना बजावले आहे की प्रचारात मुलांचा कोणत्याही स्वरूपात वापर करू नये. त्यात फेऱ्या, घोषणा आणि पत्रके वाटणे हे सर्व आले. त्या सूचनांत मुंबई उच्च न्यायालयाच्या 4 ऑगस्ट 2014 च्या आदेशाचा उल्लेख असून त्याचा रोख अल्पवयीन मुलांवर आहे, म्हणून मुलगी सोळा वर्षांची आहे ही सबब चालणार नाही. आई-वडिलांसोबत एखादे मूल नेत्याच्या आसपास दिसले, तर तेवढ्याने भंग होत नाही. जर्सी घालून रांगेत चालवणे ही निराळी गोष्ट आहे. आचारसंहिता लागू असताना सी-व्हिजिल अॅपवर छायाचित्रासह तक्रार करता येते.

उत्तर : डावा कोपरा

मी बारा वर्षे खेळलो आणि आता लहान मुलांना शिकवतो, म्हणून तुमच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. नाव वगळले जाईल की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि खरा दोष तेथेच आहे.

आपल्याकडे राजकारण आणि खेळ यांचे नाते जुने आहे. शरद पवार यांनी क्रिकेटपासून कुस्तीपर्यंतच्या संघटनांची अध्यक्षपदे भूषवली. परंतु संघटनेचा अध्यक्ष सहसा कोणत्या मुलीला चढाईला पाठवायचे हे ठरवत नाही, प्रशिक्षक ठरवतो. बारा जणींच्या संघात तेराव्या मुलीचे नाव का आले नाही, याचे कारण त्याला लेखी द्यावे लागत नाही. त्या बारांत असणे म्हणजे केवळ हौस नव्हे, कारण मोठ्या स्पर्धांतील सहभागावर दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि त्याहून वरच्या कामगिरीवर शासकीय नोकरीतील खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण अवलंबून असते. ज्याच्या शब्दावर एवढे ठरते, त्याने "या" म्हटले की ते आमंत्रण राहत नाही, मग त्याचा हेतू कितीही निर्मळ असो. (माझ्या प्रशिक्षकांनी चहा आणायला सांगितला तरी आम्ही चौघे धावत असू.)

म्हणून तक्रारीआधी त्यांना एक विनंती करा. निकाल लागेपर्यंत निवडीचे काम त्यांनी सहप्रशिक्षकाकडे किंवा बाहेरच्या दोन जाणकारांकडे लेखी सोपवावे. याने त्यांचेही रक्षण होते. उद्या एखाद्या विरोधकाची मुलगी संघाबाहेर राहिली तर तोंड कोण धरणार?

उत्तर : आणखी एक पालक

मला हे सर्व थोडे कठोर वाटते. ज्यांचे शाळेशी किंवा मैदानाशी काही नाते नाही, असे उमेदवार आपण मुकाट्याने स्वीकारतो आणि राबणाऱ्या माणसाला मात्र नियम दाखवतो. क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडे अडकली की खेळाडूची भरती कशी हातची जाते, हे सभागृहात अनुभवाने सांगणारा एक तरी आमदार असावा.

उत्तर : मतदान केंद्राध्यक्ष (निवृत्त)

तसा आमदार असावाच, पण मग त्यांना विचारा की पडताळणीसाठी ते नेमके काय मागणार आहेत. चांगला प्रशिक्षक पहाटे मैदानावर येतो हे आपल्याला ठाऊक आहे. विधेयकाचा मसुदा वाचून दुरुस्ती सुचवण्याचे काम वेगळे आहे, आणि त्याचा अंदाज नगरपरिषदेच्या सभांतील त्यांच्या कामावरून अधिक येईल. सभांची इतिवृत्ते मागता येतात. अर्जासोबतच्या नमुना 26 मधील शपथपत्रही वाचावे. मालमत्ता, कर्ज आणि प्रलंबित फौजदारी प्रकरणे त्यात असतात.

आणखी एक बाब. विधानसभेच्या उमेदवाराला आपल्या राज्यात 40 लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे, पण हिशेब अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा धरतात. त्यामुळे त्याआधी थाटात होणारे "चषक" हिशेबाबाहेर राहतात. तुमच्या मंडळाच्या मागच्या स्पर्धेचा खर्च कोणी केला, हे पालक म्हणून विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

प्रश्नकर्ती : मैदानाबाहेरची आई

सर्वांचे आभार. काल आम्ही तिघी पालक सरांना भेटलो. फेरीचा निरोप एका कार्यकर्त्याने टाकला होता, असे त्यांनी सांगितले. ते खरे असेलही, पण गटावर तो दोन दिवस तसाच होता, हे मी त्यांना म्हटले. अठरा वर्षांखालील कोणीही प्रचारात येणार नाही, हे त्यांनी लगेच मान्य करून तसे गटावर लिहिले. निवड चाचणीपासून दूर राहण्याबाबत मात्र "विचार करतो" एवढेच म्हणाले. चाचणी अकरा दिवसांवर आहे. आमचे विनंतीपत्र तयार असून त्यावर आतापर्यंत नऊ पालकांच्या सह्या झाल्या आहेत, आणि सही न करणाऱ्यांपैकी दोघांनी कारण विचारल्यावर निवड चाचणीचेच नाव घेतले.