मदत हवी आहे: 'द मास्क ऑफ द रेड डेथ'मधल्या सात दालनांचं काय करायचं?

एडगर ॲलन पो या अमेरिकी लेखकाच्या या कथेवर (1842) टिपण लिहिताना एका जागी गाडी अडली आहे. कथेत 'रेड डेथ' या रक्ताळ साथीपासून वाचायला राजपुत्र प्रॉस्पेरो दरबाऱ्यांसह एका मठात कोंडून घेतो आणि तिथल्या सात दालनांत मुखवट्यांचा नाच भरवतो. दालनं पूर्वेकडून पश्चिमेकडे: निळं, जांभळं, हिरवं, नारिंगी, पांढरं, व्हायोलेट, काळं. म्हणजे जन्म ते मृत्यू, हा नेहमीचा अर्थ. दोन टोकांना तो चपखल बसतो. मधल्या रंगांना वयाचे टप्पे चिकटवायला गेलं की निव्वळ ओढाताण.

खरी मेख काळ्या दालनात असावी. बाकी सहांत काचा सजावटीच्याच रंगाच्या, इथे मात्र रक्तासारख्या लाल. सातांपैकी कुठल्याच दालनात दिवा नाही. बाहेरच्या बोळातल्या तिपाईवरच्या आगीचा उजेड काचेतून येतो. दारांचे अडसर वितळवून पक्के केले, तरी साथीचा रंग आधीपासून आतच! काळं घड्याळही याच दालनात, पश्चिमेच्या भिंतीला.

आता प्रश्न. 1847 मध्ये नॅथॅनियल हॉथॉर्न या अमेरिकी कथाकारावर लिहिताना पो यांनी रूपककथेला चांगलंच झोडपलं होतं. मग ही कथा रूपक म्हणून वाचणं कितपत धरून आहे? आणि शेवटी कुणीच उरत नाही, तर मधूनच 'मी' म्हणणारा निवेदक कोण? मृत्यूच बोलतोय, असं म्हणायला मजकुरात आधार आहे का? कृपया कथेतली नेमकी जागा दाखवून सांगा.