सीएसएस नेमकं कुणाचं?

वेबसाइट बनवताना एचटीएमएल (पानाचा मजकूर नि रचना) आणि सीएसएस (रंग, टाइप, मांडणी) डिझायनरनं लिहावं आणि प्रोग्रॅमरनं डेटाबेस-सर्व्हर सांभाळावा, अशी वाटणी काही जण सुचवतात, ती मला पटत नाही. १९९६ साली सीएसएसची पहिली आवृत्ती आली, ती मजकूर आणि मांडणी वेगळी ठेवता यावी म्हणून. त्यावरून माणसांचीही तशीच फाळणी कशाला?

सध्या बाणेरच्या आमच्या ऑफिसात एका मराठी साइटचं काम चालू आहे. फिग्मात, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, बटणावर 'सबमिट' होतं. प्रत्यक्षात 'अर्ज सादर करा' आलं, ते दोन ओळींवर गेलं, आणि बटणाची उंची पक्की असल्यामुळे वरच्या वेलांट्या नि खालचे उकार कापले जाऊ लागले. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, इंग्रजी मजकुरावर बेतलेली होती. ही चूक एकट्या डिझायनरची म्हणता येत नाही आणि एकट्या प्रोग्रॅमरचीही नाही. दोघं एका स्क्रीनसमोर बसले, बटणाची उंची मजकुरानुसार वाढू दिली, लाइन-हाइट वाढवली आणि प्रश्न मिटला.

माझ्या मते रंग, टाइप, अंतरं यांवर शेवटचा शब्द डिझायनरचा. पण मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५:१ आहे ना, हेही त्यानंच बघायचं. कीबोर्डवरून फॉर्म पूर्ण भरता येतो का, ही जबाबदारी प्रोग्रॅमरची. यादी रिकामी असेल, नेट गेलं असेल, नाव भलतंच लांब असेल तर काय दिसेल, हे डिझायनरनं काढून द्यावं. मात्र अशा स्थिती कोणत्या येऊ शकतात, हे प्रोग्रॅमरनं आधी, चित्रं काढायला घेण्यापूर्वीच सांगायला हवं. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.